मुंग्या गेल्या, डबा आला : नाशकात टीव्ही डिजिटलवर आणताना

"टीव्ही बिघडलाय, जरा येऊन बघता का?" पंचवटीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात २८ वर्षं मी हे वाक्य ऐकत आलो. पूर्वी हा फोन आला की मी सोल्डरिंग गन पिशवीत टाकायचो. आता बहुतेक वेळा नुसता टेस्टर घेऊन जातो, कारण टीव्ही ठणठणीत असतो. त्याला सिग्नल खायला घालणारं कोणी उरलेलं नसतं, एवढंच.

फोन करणारे साधारण तीन प्रकारचे. गावाकडचं घर आवरताना आईवडिलांचा डब्बा टीव्ही नाशकात घेऊन आलेले. अंबड किंवा सातपूरला कामाला लागून पाथर्डी फाट्याला खोली घेतलेले. आणि जुन्या वाड्यातल्या आजी, ज्यांच्या गच्चीवर अजून अ‍ॅल्युमिनियमचा अँटेना उभा आहे आणि "परवापर्यंत तर लागत होतं" असं ज्या शपथेवर सांगतात. तिघांचीही चूक एकच होते. आधी दुकानात जाऊन काहीतरी विकत आणतात आणि मग ते आपल्या घरी चालत नाही हे कळतं. म्हणून हा लेख दुकानातून नाही, घराच्या भिंतीपासून सुरू करतो.

नेमकं बदललं काय

जुन्या ॲनालॉग पद्धतीत चित्राचा उजेड-अंधार जसाच्या तसा लहरीवर चढवून पाठवला जायचा. लहर अशक्त झाली तर चित्र अशक्त व्हायचं, पण यायचं. पडद्यावर मुंग्या पडल्या तरी त्या मुंग्यांमधून बातम्या सांगणारी बाई दिसायची. लहर एकदा सरळ आणि एकदा समोरच्या इमारतीवर आपटून आली तर प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचं भूत उभं राहायचं. ओझरहून विमान डोक्यावरून गेलं की चित्र पोटात गोळा आल्यासारखं हलायचं, तेही याच आपटण्यामुळे.

डिजिटलमध्ये चित्राचे आकडे करून पाठवतात. आकडे पुरेसे पोचले तर चित्र स्वच्छ, नाही पोचले तर चौकटी-चौकटी होऊन गोठतं किंवा सरळ काळा पडदा. मधलं काही नाही. "थोडं थोडं दिसतंय, चालवून घेऊ" हा प्रकार संपला. दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा फरक आहे, कारण पूर्वी मुंग्यांवरून बिघाड कुठे आहे ते कळायचं. काळा पडदा काहीच सांगत नाही.

केबलवाल्यांच्या बाजूने कारण वेगळं होतं. ॲनालॉग केबलवर एका चॅनेलला ७-८ मेगाहर्ट्झ जागा लागायची. तेवढ्याच जागेत डिजिटल पद्धतीने दहा-बारा साधे चॅनेल आरामात बसतात. शिवाय प्रत्येक घरात क्रमांक असलेला डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स आला, त्यामुळे कोणाचे किती ग्राहक आहेत हे झाकता येईना.

१९९५ च्या केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि हे काम टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. मुंबईसह चार महानगरांची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ला संपली. नाशिक दुसऱ्या टप्प्यात होतं, ३८ शहरांच्या यादीत, आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. त्या आठवड्यात माझ्या दुकानासमोर रेशनला लागते तशी रांग होती. मालेगाव, सिन्नर, येवला यांचा नंबर तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत. खेड्यांना ३१ मार्च २०१७ पर्यंत मुदत मिळाली. म्हणून सिन्नरहून आलेला माणूस "आमच्याकडे तर डब्याशिवाय लागायचं" म्हणायचा, तेव्हा तो खोटं बोलत नव्हता.

हवेतून येणारं दूरदर्शन यातून वेगळं. त्याला केबलचा कायदा लागू नव्हता. पण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने ॲनालॉग टॉवर एकामागून एक बंद केले. सामरिक महत्त्वाची मोजकी ठिकाणं सोडली तर मार्च २०२२ पर्यंत ते संपले. त्यामुळे वाड्यावरचा तो अँटेना आता फक्त कावळ्यांच्या उपयोगाचा. आजींना हे सांगणं मला अजून जमत नाही. मी म्हणतो, "काढून ठेवू, भंगारात अ‍ॅल्युमिनियमला भाव आहे."

पायरी १ : भिंतीतली वायर ओळखा

नवीन भाड्याच्या घरात टीव्हीच्या जागेजवळ एक काळी किंवा पांढरी जाड वायर लोंबत असते. तिच्या टोकाकडे बघा. टोकाला आट्यांची पिन असेल तर ती डिशची किंवा केबलची, दोन्हीही असू शकते. मग वायर धरून उलट चालत जा. ती गच्चीवर जाऊन छत्रीला मिळाली तर डिश. जिन्यातल्या छोट्या पेटीत किंवा विजेच्या खांबावरून आलेल्या जाड वायरीत गेली तर केबल. आणि पातळ, केसासारखी, वाकवली की तुटेल अशी वाटणारी असेल तर ती इंटरनेटची फायबर आहे. तिला मुळीच ओढू नका.

आधीच्या भाडेकरूची छत्री गच्चीवर असेल तर मालकांना विचारून घ्या की ती कोणत्या कंपनीची. फुकट मिळाली म्हणून खुश होऊ नका. बहुतेक कंपन्यांचे उपग्रह वेगवेगळ्या जागी असतात, म्हणजे लोखंड उपयोगी पडेल, दिशा पडणार नाही.

पायरी २ : टीव्हीची पाठ बघा

टीव्ही जुना असला म्हणून फेकायची गरज नाही. सगळं काम डबा करतो, टीव्ही फक्त पडदा आणि स्पीकर. पाठीमागे किंवा बाजूला काय काय भोकं आहेत ते बघा.

पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं असतील तर तीन रंगांची एव्ही कॉर्ड लागेल. ती बहुतेक डब्यांबरोबर येते. रंगाला रंग जोडा. पिवळ्यातून चित्र, बाकी दोनमधून आवाज. टीव्हीला आवाजाचं एकच पांढरं भोक असेल तर लाल पिन मोकळी सोडली तरी चालतं.

चपटं एचडीएमआयचं भोक असेल तर दुसरा विचारच नको, तेच वापरा.

फक्त अँटेनाचं एकच गोल भोक असलेला टीव्ही असेल तर डबा घेताना "आरएफ आउटपुट आहे का" हे विचारा, नाहीतर डब्याचं चित्र अँटेनाच्या भोकातून आत घालणारा वेगळा आरएफ मॉड्युलेटर घ्यावा लागेल. मग टीव्हीवर मॉड्युलेटरच्या पाठीवर लिहिलेला चॅनेल शोधून लावायचा. हे काम करता येतं, पण असा टीव्ही भाड्याच्या खोलीत आणणाऱ्याला मी प्रामाणिकपणे सांगतो की त्यात मन अडकलं असेल तरच करा.

टीव्ही गेल्या काही वर्षांतला असेल तर सेटिंगमध्ये चॅनेल शोधण्याच्या पानावर जा. तिथे अँटेना, केबल आणि सॅटेलाइट असे पर्याय दिसतात का बघा. सॅटेलाइट दिसलं तर फुकटचे, कुलूप नसलेले चॅनेल डब्याशिवायही त्या टीव्हीत लागू शकतात. दुकानदार हे आपणहून कधीच सांगत नाही.

पायरी ३ : केबल, पैशाची डिश की फुकटची डिश

एक गोष्ट आधी बाजूला काढतो. ऑनलाइन "डिजिटल एचडी अँटेना" नावाचं खिडकीला चिकटवायचं कागदासारखं काहीतरी मिळतं. ते नाशकात घेऊ नका. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये हवेतून डिजिटल प्रक्षेपण १६ शहरांत सुरू केलं. त्यात मुंबई होती, तेव्हाचं औरंगाबाद होतं, नाशिक नव्हतं. कॉलेज रोडच्या एका मुलाने दोन हजारांचा असा अँटेना आणून तीन खिडक्यांना लावून पाहिला होता. शेवटी त्याच्या आईने तो स्वयंपाकघरातल्या बरणीखाली घातला.

आता खरे पर्याय. केबल घ्यायची तर भागातल्या केबलवाल्यालाच विचारावं लागतं. बिघाड झाला तर माणूस सायकलवर येतो, हा त्याचा फायदा. पावसात डिशवाल्याचा पडदा काळा होतो तेव्हा केबलवाल्याचा चालू राहतो, कारण त्याच्या मोठ्या डिशा लांब कुठेतरी असतात. तोटा असा की सिडकोत खांबाखांबावरून गेलेल्या वायरी संक्रांतीत मांज्याने कापल्या जातात आणि रस्ता खोदला की चार दिवस जातात.

पैशाची डिश म्हणजे टाटा प्ले, एअरटेल वगैरे. त्यांचा माणूस येऊन लावून देतो, त्यामुळे त्यात शिकण्यासारखं फार नाही. रिचार्ज संपला की बंद.

तिसरा पर्याय डीडी फ्री डिश. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, साधारण दीड-दोन हजारांत सगळं होतं, पुढे महिन्याचा एक रुपया नाही. सह्याद्री वाहिनी आहे, बातम्या आहेत, काही मराठी-हिंदी मनोरंजनाच्या आणि चित्रपटांच्या वाहिन्या आहेत, आकाशवाणीसुद्धा लागते. क्रिकेटच्या मोठ्या मालिका आणि आवडत्या सगळ्या मालिका मिळतीलच असं नाही. खासगी वाहिन्या तिथली जागा लिलावात विकत घेतात, म्हणून दरवर्षी १ एप्रिलच्या आसपास काही जातात, काही येतात. तेव्हा डबा पुन्हा स्कॅन करायचा, एवढंच. "फ्री डिशचं रिचार्ज संपलंय, पैसे भरा" असा फोन किंवा मेसेज आला तर समोरचा चोर आहे असं समजा.

माझं मत विचाराल तर एकट्या राहणाऱ्या कामगाराला आणि आजींना मी फ्री डिशच सांगतो. घरात क्रिकेटवेडं कोणी असेल तर ते भांडण मी मिटवू शकत नाही.

पायरी ४ : फ्री डिशची छत्री स्वतः लावणं

हे काम दोघांचं आहे. एक गच्चीवर, एक टीव्हीसमोर, दोघांच्या हातात फोन. नवरा-बायकोने केलं तर दोन-चार वाक्यं जास्तीची बोलली जातात, हे धरून चला.

काय घ्यायचं : ६० सेंटिमीटरच्या आसपासची छत्री, युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोर बसून सिग्नल पकडणारा भाग), आरजी-६ वायर (डिशची जाड वायर), आट्यांच्या पिना, आणि एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चालणारा डबा. शेवटचं नीट बघा. एमजी रोड किंवा मेनरोडवर स्वस्तात मिळणारे जुने डबे एमपेग-२ चे असतात. ते चालतात, पण अर्ध्या वाहिन्या दाखवतच नाहीत आणि मग मला फोन येतो.

जागा : उपग्रह जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. नाशकातून तो आग्नेयेला दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर १३४ अंशांवर, म्हणजे जुन्या नाशकात उभं राहून साधारण सिन्नरच्या बाजूला तोंड. आकाशात तो ५८ अंश वर आहे, क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंतच्या अंतराचा जवळजवळ दोन तृतीयांश. त्या दिशेला, तेवढ्या उंचीवर आंब्याचं झाड, पाण्याची टाकी किंवा शेजारी वाढत चाललेली इमारत नको. पान जरी आडवं आलं तरी चालत नाही, ओलं पान तर अजिबात नाही.

फोनमधला कंपास वापरा, पण लोखंडी पाइपाला चिकटवून नाही. दोन पावलं मागे उभं राहून दिशा ठरवा, समोरच्या कुठल्यातरी ठळक खुणेवर नजर ठेवा आणि मग छत्री तिकडे फिरवा. सगळ्यात मोठी चूक इथे होते. लोक शेजाऱ्याची छत्री बघून आपली लावतात. शेजाऱ्याची टाटा प्लेची असेल तर ती ८३ अंश रेखांशावरच्या उपग्रहाकडे बघते, म्हणजे कंपासवर तुमच्यापेक्षा २० अंश दक्षिणेकडे. एअरटेलची १०८ अंश रेखांशाकडे, म्हणजे जास्त पूर्वेकडे. गच्चीवरच्या सगळ्या छत्र्या एकीकडे तोंड करून बसल्यासारख्या वाटतात, पण नीट बघितलं तर प्रत्येकीचं तोंड निराळं असतं.

दुसरी फसवणूक उंचीची. छत्री बघितली तर ती जवळजवळ उभी वाटते, म्हणून माणूस तिला आकाशाकडे आणखी उताणी करतो. तसं करू नका. या छत्र्यांची एलएनबी मध्ये नसून खालच्या बाजूला पुढे आलेली असते, त्यामुळे छत्री दिसते त्याहून बरंच वर बघत असते. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात, त्या खुणांनुसार ५८ वर ठेवा.

पाइप आधी ओळंब्यात उभा करा. पाइप तिरका असेल तर वरचे सगळे आकडे खोटे ठरतात. भाड्याच्या घरात कठड्याला ड्रिल करायच्या आधी मालकांना विचारा. परवानगी नसेल तर छत्रीचा पाया सिमेंटच्या भरलेल्या पाटीत रोवता येतो, वर दोन विटा ठेवायच्या. जूनमधल्या वाऱ्याला दोन पुरत नाहीत, चार ठेवा.

वायर जोडताना डबा बंदच हवा. डबा याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. पिन लावताना बाहेरची जाळी मधल्या तांब्याला लागली तर डब्याच्या पोटातला भाग जळतो, आणि वॉरंटीवाला त्याला "ग्राहकाची चूक" म्हणतो. मधली तार पिनेबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे, जाळीचा एकही केस तिला चिकटता कामा नये.

आता डबा चालू करा. मेनूत उपग्रह जीसॅट-१५ ९३.५ निवडा. जुन्या डब्यात इन्सॅट-४बी लिहिलेलं असेल तर तेही चालेल, तो याच जागेवर होता. एलएनबी फ्रिक्वेन्सी ९७५०-१०६०० ठेवा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ बघून नाचू नका. एलएनबीला नुसती वीज पोचली तरी ती पट्टी ६०-७० टक्के भरते, छत्री गंगेकडे, म्हणजे आमच्या गोदावरीकडे तोंड करून असली तरी. बघायचं ते फक्त क्वालिटीकडे.

छत्री १३४ अंशांपासून डावीकडे-उजवीकडे अगदी सावकाश हलवा. सावकाश म्हणजे किती, ते सांगतो. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड एक सेंटिमीटर सरकली की तिची दिशा जवळजवळ दोन अंशांनी बदलते. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर आहे, तेवढ्या अंतरावर हे दोन अंश म्हणजे हजारभर किलोमीटर. म्हणून कड नखाएवढी सरकवायची, तीन सेकंद थांबायचं, कारण डब्याला सिग्नल पकडायला वेळ लागतो, आणि खालच्याने "आला का?" ला उत्तर द्यायचं. क्वालिटी मिळाली की उंची थोडी वर-खाली करून बघा, मग एलएनबी तिच्या क्लॅम्पमध्ये किंचित डावी-उजवी फिरवून बघा. जिथे सगळ्यात जास्त, तिथे नट आवळा. आवळताना छत्री पुन्हा सरकते. दर वेळी सरकते. आवळताना पट्टीवर नजर ठेवायला सांगा.

दोन टीव्ही असतील तर एकाच वायरीला दुभाजक लावून भागत नाही, दोन्ही डबे आपापल्या व्होल्टेजसाठी भांडतात. दोन तोंडांची एलएनबी घ्या, दोन वायरी टाका. केबलमध्ये दुभाजक चालतो, डबे मात्र तिथेही दोनच लागतात.

पायरी ५ : चित्र आलं, पण विचित्र

जुन्या टीव्हीवर पहिल्यांदा काहीच दिसलं नाही तर टीव्हीच्या रिमोटवरचं टीव्ही/एव्ही बटण दाबा. काही जुन्या टीव्हींत शून्य नंबरचा चॅनेल म्हणजे एव्ही. रिमोटच हरवला असेल तर पुढच्या झाकणाखाली बटणं असतात.

चित्र काळं-पांढरं आलं किंवा वर वर सरकत राहिलं तर टीव्ही गेला असं समजू नका. डब्याच्या मेनूत व्हिडिओ सेटिंगमध्ये एनटीएससी ही अमेरिकी रंगपद्धत असेल, तिथे आपल्याकडची पाल करा. या एका सेटिंगपायी लोकांनी माझ्याकडे टीव्ही रिक्षात घालून आणले आहेत. मेनरोडवरून आलेल्या एका काकांना मी काउंटरवर दोन बटणं दाबून रंग आणून दिला, तेव्हा त्यांनी पैसे विचारले आणि मला काय सांगावं ते सुचेना.

माणसं लंबुळकी किंवा बसकी दिसत असतील, किंवा बातम्यांची खालची पट्टी कापली जात असेल, तर पडद्याचा आकार बदला. जुना टीव्ही ४:३ चा, आताचं चित्र १६:९ चं. लेटरबॉक्स ठेवलं तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतील पण सगळं दिसेल. आजींना काळ्या पट्ट्या आवडत नाहीत, "अर्धा टीव्ही वाया गेला" म्हणतात. मग थोडं कापून पूर्ण पडदा भरणारा पर्याय द्यायचा.

पायरी ६ : केबल किंवा पैशाची डिश घेतली तर

फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाच्या नियमाने चॅनेल सुटे निवडायचा हक्क आहे. तेव्हा पहिल्या १०० चॅनेलच्या जोडणीचे जास्तीत जास्त १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे असा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. २०२० मध्ये त्याच १३० मध्ये २०० चॅनेल झाले. पण जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आता केबलवाल्यापुढे १५३ चा आकडा नाचवून उपयोग नाही. जोडणीचे किती, चॅनेलचे किती, कर किती, असं तीन ओळींत वेगळं लिहून मागा. ९९९ नंबरच्या चॅनेलवर वाहिन्यांचे दर दाखवायचे असतात, तोही लावून बघा.

मला स्वतःला पॅकेज हा शब्द आवडत नाही. "मराठी फॅमिली" नावाच्या पॅकेजमध्ये तुमच्या घरात कोणी कधी बघणार नाही असे वीस चॅनेल असतात. एक आठवडा एक वही टीव्हीजवळ ठेवा आणि घरात कोण काय बघतं ते लिहा. बहुतेक घरांत यादी १५ च्या पुढे जात नाही. मग हिशोब करा, पॅकेज स्वस्त की सुटे. कधी कधी पॅकेजच स्वस्त निघतं, हेही सांगून ठेवतो.

डबा विकत घेतला की भाड्याने, ते कागदावर पाहिजे. माझ्या मेहुण्याकडून एका केबलवाल्याने डब्याचे पूर्ण पैसे घेतले, पावती दिली नाही. दोन वर्षांनी मेहुणा इंदिरानगरला राहायला गेला, तिथे त्या केबलवाल्याची वायर नव्हती. डबा परत देतो म्हटलं तर उत्तर मिळालं, "तो भाड्याचा होता, साहेब." अर्जाची प्रत, पावती आणि डब्याच्या खालचा क्रमांक यांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. केबलचा डबा दुसऱ्या केबलवाल्याकडे सहसा चालत नाही, हे घर बदलायच्या आधीच लक्षात घ्या. तक्रार घ्यायला कंपनीचा नोडल अधिकारी असतो. त्याचा नंबर अर्जाच्या प्रतीवर सापडतो, म्हणून ती प्रत जपायची.

पायरी ७ : नाशकाचा पाऊस

डिशच्या लहरीची लांबी अवघी दोन-तीन सेंटिमीटर. जोराच्या सरीत पावसाचे थेंब ती खाऊन टाकतात. श्रावणाआधीच्या धुवांधार पावसात पाच-दहा मिनिटं पडदा काळा झाला तर छत्रीला हात लावू नका, आणि ओल्या गच्चीवर तर चढूच नका. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. नुसत्या भुरभुरीत जात असेल तर मात्र छत्री नीट लागलेली नाही किंवा पिनेत पाणी शिरलंय. पिना उघडून आतलं तांबं हिरवं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन पिन लावा. एलएनबीला जाण्याआधी वायरीचा खाली लोंबणारा एक वळसा ठेवला तर पाणी तिथूनच ठिबकून जातं.

वळवाच्या पावसात, मे महिन्यात विजा कडाडायला लागल्या की डब्याची आणि टीव्हीची पिन काढा, वायरही डब्यातून सोडवा. नुसतं रिमोटने बंद करून काही होत नाही.

आणि एक गंमत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आकाश निरभ्र असताना, सकाळी अकराच्या सुमारास रोज काही मिनिटं चित्र जातं आणि येतं. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून जात असतो आणि छत्रीला त्याचाच गोंगाट ऐकू येतो. चार-पाच दिवसांत थांबतं. त्या दिवसांत मला फोन करू नका.

जुना टीव्ही टाकायचाच असेल तर

मागचं झाकण उघडू नका. पिक्चर ट्यूबला चालताना वीस-पंचवीस हजार व्होल्ट मिळतात आणि बंद केल्यावरही बराच वेळ ते तिच्यात मुक्कामाला असू शकतात. मी त्यांचा झटका दोनदा खाल्लाय, दुसऱ्या वेळी टेबलासकट मागे गेलो होतो. ट्यूबच्या आत पोकळी असते, ती फुटली तर काच आत ओढली जाऊन बाहेर उडते, आणि त्या काचेत शिसं असतं. म्हणून घंटागाडीत लोटायचा नाही आणि तांब्यासाठी ट्यूब फोडणाऱ्या भंगारवाल्यालाही द्यायचा नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडे अख्खा द्या, किंवा नवीन टीव्ही घेताना बदल्यात द्या. दोनशे-तीनशे रुपयेच सुटतात, पण तो जिन्यावरून खाली उतरवायला दोन माणसं त्यांचीच येतात.